व्हिसाच्या शर्ती आणि व्हेपचा जोडधंदा
ब्रिटनमध्ये पदवीचा अभ्यास करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास सत्रकाळात आठवड्यास 20 तासांपर्यंत नोकरीची मुभा असली, तरी स्वतंत्र धंद्यास सक्त मनाई आहे. म्हणजे व्हेपच्या दुकानात गल्ल्यावर बसून पगार घेणे कायदेशीर, परंतु तिथल्याच व्हेप-द्रवाच्या कुप्या वसतिगृहातील खोलीतून स्नेह्यांना नफ्याने विकणे हा, रक्कम कितीही किरकोळ असो, व्हिसाच्या शर्तींचा भंग ठरतो. (हा भेद नवख्यांस सहसा उमगत नाही.) मालावरील निर्बंध निराळेच: निकोटिनयुक्त द्रवाची कुपी 10 मिलिलिटरहून मोठी नसावी, आणि एकदा वापरून फेकण्याच्या व्हेपची विक्री तर 1 जून 2025 पासून बंदच आहे. उरलेला माल मायदेशी आणावा, तर 2019 च्या कायद्यान्वये भारतात त्याची आयातच गुन्हा असून, पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.