दमट हवा आणि पेटीची अडलेली पट्टी

आषाढात मुरब्याला भजनास बसावे आणि ऐन गजरात पेटीची एखादी पट्टी दाबली ती वर येऊच नये, सूर आपला रेकतच राहावा, हा प्रसंग किनाऱ्यावरच्या मंडळींना नवा नाही. मग कोणीतरी कानस शोधू लागतो. श्रोतेहो, ती कानस आज जरा बाजूला ठेवू.

दोष बहुधा उकाड्याला दिला जातो. पण नुसत्या उष्णतेने लाकूड फारच थोडे वाढते. 22 मिलिमीटर रुंदीची पट्टी 15 अंशांनी तापली, तर फरक पडेल तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. तीच पावसाळी हवेतले पाणी प्याली की पाव मिलिमीटरही फुगू शकते, आणि शेजारच्या पट्टीशी अंतर ते केवढे! फुगते तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. होडीवाल्यांना हे सांगायला नको. उन्हात ओढून ठेवलेल्या होडीच्या फळ्यांत फटी पडतात, पाण्यात उतरल्यावर मिटतात.

पियानोचे दुखणे अधिक नाजूक. त्याच्या प्रत्येक हातोडीच्या सांध्यात धातूची बारीक खीळ असते व तिच्याभोवती लोकरी कापडाचे अस्तर. लोकर ओल शोषते, खीळ आवळली जाते, आणि हातोडी परतायला आळस करते. दमट उकाड्यात सरसही नरम पडतो. म्हणून विलायती कारखानदार उष्ण देशांकडे जाणाऱ्या पियानोंच्या जोडांना वरून स्क्रू मारीत.

मुरब्याला आणखी एक वैरी आहे, वाऱ्यावरचे मीठ. आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच पाझरू लागते. स्वयंपाकघरातली बरणी पाहा. हा खारा ओलावा पेटीच्या पितळी जिभांवर बसतो. टोकाशी हिरवट कीट साचले की जीभ जड होते व सूर उतरतो.

उपाय साधा आहे: बंद कपाटात विजेचा लहान दिवा. 27 अंशांची 95 टक्के आर्द्र हवा 37 अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता निम्म्याच्या जवळ येते. पाणी तेवढेच राहते, हवेची तहान वाढते. ज्या उष्णतेला आपण बोल लावला तीच येथे औषध! मात्र दिवा पेटीला खेटून नको. भात्याचे चामडे कडक होऊन भेगाळेल.

आम्ही एकदा अधीरपणे भर श्रावणात तीन पट्ट्या घासल्या. माघात त्या म्हाताऱ्याच्या दातांसारख्या हलू लागल्या. तेव्हापासून कानस दिवाळीनंतरच हाती घेतो, आणि बहुतेक वेळा तोवर पट्टी आपोआप मोकळी झालेली असते.