काळीकाठची दांडेली : रूळ, लाकूड आणि रानवाटा

उत्तर कन्नड जिल्ह्यातील दांडेली आज सहलीचे ठिकाण म्हणून सर्वतोमुखी आहे. सुटीच्या दिवशी बेळगाव, हुबळी आणि गोव्याकडील मोटारी तेथे रांगेने दाखल होतात. तराफ्यात बसून काळी नदीचे तुषार अंगावर घ्यावेत, जीपमधून रानात फेरी मारावी आणि तिन्हीसांजेला परतावे, असा हा क्रम. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्याला आपण तेथे निसर्ग म्हणून पाहतो त्यातील पुष्कळसा भाग माणसाच्या हिशेबाने घडला आहे, हे ध्यानी घेऊन गेल्यास ते गाव अधिक उमगते.

बेळगावहून लोंढ्यामार्गे धारवाडकडे जाताना अळणावर स्थानक लागते. तेथून एक फाटा सुमारे तीस किलोमीटर आत दांडेलीकडे जातो. तो टाकला गेला तो मुख्यतः लाकडासाठी. लोहमार्गास स्लीपर हवेत, स्लीपरास टिकाऊ लाकूड हवे आणि ते या रानात मुबलक होते. साग, शिसव, ऐन, नाणा यांचे ओंडके दांडेलीत गोळा होत आणि गाडीने बाहेर जात. गाव वाढले ते या लाकडाच्या आगाराभोवती. पुढे प्रवासी गाडी बंद पडली आणि कित्येक वर्षे तो फाटा केवळ मालवाहतुकीपुरता उरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये अळणावर ते आंबेवाडी अशी प्रवासी गाडी पुन्हा सुरू झाली. आंबेवाडी दांडेलीच्या अलीकडे आहे. गाडीने जाणाऱ्याने त्या वेळचे वेळापत्रक पाहूनच बेत आखावा.

लाकडाचे हे आगार पक्षिनिरीक्षकांना विशेष प्रिय आहे, आणि यात एक गंमत आहे. ओंडक्यांच्या राशींमधून उभ्या राहिलेल्या जुन्या वृक्षांवर धनेश येतात. धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आणि अंडी उबवून पिले वाढेपर्यंत नर बाहेरच्या फटीतून तिला भरवतो. साहजिकच ढोली धरण्याइतका जुना वृक्ष नसेल तर धनेश नाही. आणि धनेश नसेल तर तो ज्यांच्या बिया दूरवर टाकतो त्या फळझाडांचा प्रसारही मंदावतो. ज्या गावाने वृक्ष तोडून नाव कमावले, तेथे आता उभ्या वृक्षासाठी लोक दुर्बिणी घेऊन येतात. २०११ साली या परिसरात धनेशासाठी राखीव क्षेत्रही जाहीर झाले.

बांबूची कथा याहून बोधक आहे. दांडेलीत कागदाची गिरणी १९५५ साली स्थापन झाली आणि तिला रानातील बांबू नाममात्र दराने मिळू लागला. बुरुडांना मात्र टोपल्यांसाठी तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. टंचाईची ओरड झाली तेव्हा, १९७० नंतरच्या दशकात, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिल्ह्यातील बांबूचा अभ्यास केला. बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ केले की बांबू जोमाने वाढतो, अशी तज्ज्ञांची समजूत होती. गावकरी उलट सांगत. अभ्यासात गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले: काटे काढल्याने कोवळे कोंब गुराढोरांना आणि वन्यप्राण्यांना सहज मिळत आणि बेटे खंगत. रानवाटेवर बांबूचे बेट दिसले, तर त्याचे बूड अवश्य निरखावे. कुळगी येथील वनखात्याच्या निसर्ग शिबिरापासून अशा वाटा जवळ आहेत. वाटेत गवळी धनगरांच्या वस्त्या लागल्यास त्यांची मराठी कान देऊन ऐकावी.

उरली नदी. काळी जोयडा तालुक्यात दिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारला समुद्रास मिळते. तराफ्याची मौज गणेशगुडीजवळ, सुपे धरणाच्या खाली. तेथील पाण्याचा जोर वीजनिर्मितीसाठी धरणातून किती पाणी सोडले जाते यावर ठरतो. म्हणून काही तासांत पात्र बदलते. स्थानिक माणसाला विचारल्यावाचून पाण्यात उतरू नये; खाली दांडेलीच्या बाजूस मगरीही आहेत.

धरणाच्या जलाशयाखाली सुपे गाव आहे. तालुक्याचे हे ठाणे बुडाले, कचेऱ्या जोयड्यास गेल्या आणि अनेक कुटुंबे रामनगरला वसवली गेली. बेळगावहून अनमोड घाटाने गोव्यास जाताना आपण चहासाठी थांबतो ते हेच रामनगर. तेथे एखादे वृद्ध गृहस्थ निवांत भेटले, तर सुप्याचा बाजार कोठे भरत असे हे त्यांना विचारावे.