भुतं भिंतीवर, ऊन बाहेर

रामसे बंधूंचा सिनेमा बघून घाबरलेला माणूस मला अजून भेटायचाय. पोस्टर बघून घाबरलेले मात्र पुष्कळ भेटले. निपाणीत आम्ही पोरं टॉकीजवरून जाताना त्या हिरव्या तोंडाच्या, रक्ताळलेल्या दातांच्या कागदाकडे तिरप्या नजरेनं बघायचो आणि रात्री अंगणात जायला सोबत मागायचो. पुढं तोच सिनेमा पैसे देऊन पाहिला, तर त्यात गाणी, विनोद आणि कोरडा बर्फ. 'पुराना मंदिर'मध्ये तर जगदीप मध्येच 'शोले'ची नक्कल करून जातो. तेव्हापासून माझं मत ठाम आहे : भयपटात सगळ्यात चांगलं काम बहुतेक वेळा पोस्टरवाल्यानं केलेलं असतं.

त्याला कारणही आहे. रामसेंकडे मोठा नट नसायचा आणि पैसा बेताचा. 'दो गज ज़मीन के नीचे' (1972) त्यांनी महाबळेश्वरात उरकला. 'पुरानी हवेली' (1989) मधली हवेली म्हणजे आपल्या मुरूडचा नवाबाचा वाडा. नटाच्या नावावर तिकीट खपणार नसेल, तर ते खपवायचं कुणी? खांबावरच्या कागदानं. म्हणून तो कागद ओरडतो. लाल, पिवळा, जांभळा, कोपऱ्यात 'फक्त प्रौढांसाठी'चा 'ए', आणि वितळल्यासारखी अक्षरं.

नोकरीमुळं बंगळुरात, दूरवाणीनगरच्या आयटीआय या टेलिफोन कारखान्यात आलो आणि के. आर. पुरमचाच झालो. झुलत्या पुलापासून जवळच फ्लॅट आहे. हॉलमध्ये माझी भुतं, म्हणजे जमवलेली भयपटांची पोस्टरं, टांगलेली असतात. गौरी-गणपतीत ती आतल्या खोलीत जातात, हा घरचा करार आहे. शेजारच्या अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा चहा न घेताच गेल्या. आता त्या स्वतःच पाहुण्यांना माझ्याकडे घेऊन येतात आणि कन्नडमध्ये माहिती देतात, निम्मी चुकीची. सीमाभागातला असल्यानं माझ्या भिंतीवर दोन्ही घरची भुतं शेजारी-शेजारी आहेत : मराठी 'हा खेळ सावल्यांचा' (1976) आणि अनंत नाग-लक्ष्मी यांचा कन्नड 'ना निन्न बिडलारे' (1979). दोघींचं बरं चाललंय.

ही कला आपल्याकडे परकी नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत. टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय पोस्टरांत त्यांच्या 'कल्याण खजिना'चं (1924) नाव घेतात. पुढं दिवाकर करकरे यांनी 'दीवार'सारख्या पोस्टरांत रंग असे फटकारले की चेहरा धगधगताना दिसावा. त्या काळची रीत अशी : सिनेमातले फोटो कापून जुळवायचे, त्यावर रंग चढवायचा, आणि त्या मूळ चित्रावरून ऑफसेटवर छपाई. बारकाईनं बघा, नायिकेचा गाल फोटोतला असतो आणि त्यावरची सावली कुंचल्याची. भुताला फोटोचं बंधन कमी, त्यामुळं तिथं चित्रकार मोकळा सुटायचा. मोठ्या सिनेमांच्या चित्रकारांची नावं निदान घेतली तरी जातात. भयपटांच्या पोस्टरांवर बऱ्याचदा सहीसुद्धा नसते, आणि मला हा अन्याय वाटतो.

परदेशात या कागदाला सोन्याचा भाव आहे. 1931च्या 'ड्रॅक्युला'चं एक पोस्टर 2017मध्ये अमेरिकेत लिलावात 5,25,800 डॉलरना गेलं, म्हणजे तेव्हाच्या दरानं जवळजवळ साडेतीन कोटी रुपये. मेटॅलिका बँडचा गिटारवादक कर्क हॅमेट हा असल्या पोस्टरांचा नामांकित संग्राहक. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच सेलम गावच्या पीबडी एसेक्स संग्रहालयात त्याच्या संग्रहाचं प्रदर्शन लागलं होतं. ही पोस्टरं दुर्मिळ का? कारण ती राखण्यासाठी छापलीच नव्हती. एका गावचा खेळ संपला की दुसऱ्या गावी, मग रद्दीत. आपल्याकडे तर खळ लावून भिंतीला चिकटवली की त्यावर पुढच्या शुक्रवारी दुसरं बसायचं. वाचली ती वितरकाच्या गोदामात घडी घालून पडून राहिलेली.

म्हणून जुन्या पोस्टरला घडीच्या रेघा असल्या तर नाक मुरडू नका. उलट रामसेंच्या 'वीराना'चं गुळगुळीत, करकरीत पोस्टर कुणी दाखवलं तर भिंग काढा. जुन्या ऑफसेटमध्ये रंगाचे ठिपके रांगेत, छोट्या फुलांसारखे बसलेले दिसतात. आजच्या प्रिंटरचे ठिपके पिठासारखे विखुरलेले असतात. खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का बघा. आपल्याकडचं नेहमीचं पोस्टर साधारण 30 बाय 40 इंचांचं. त्याहून लहान आणि जाड कागदाचं असेल तर बहुधा अलीकडची नक्कल. मुंबईत चोरबाजाराची मटण स्ट्रीट या मालासाठी प्रसिद्ध आहे. इथं मी मेट्रोनं मॅजेस्टिकला उतरून गांधीनगरात फिरतो. कन्नड सिनेमाचा धंदा तिथला, त्यामुळं रद्दीही तिथलीच.

आता लावायचं कसं. पोस्टरचा खरा वैरी ऊन. लाल-पिवळा आधी उडतो, निळा मागं राहतो, आणि रक्तपिपासू सैतान वर्षभरात सर्दी झाल्यासारखा निळा पडतो. माझी खिडकी पूर्वेची, म्हणून एकही फ्रेम तिच्या समोर नाही. दुसरा वैरी ओल. बंगळुरात ऑक्टोबरातही पाऊस झोडपतो, बाहेरच्या भिंती गार आणि दमट होतात. फ्रेम आतल्या भिंतीवरच हवी. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, आतल्या आम्लानं आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. मागं साधा पुठ्ठा लावला तर त्याचं आम्लही कागदात उतरतं. तेव्हा आम्लविरहित बोर्ड घ्या, कडेला माउंट देऊन काच कागदापासून सुटी ठेवा, आणि परवडलं तर अतिनील किरणं अडवणारी काच लावा. सेलोटेप कधीही नको. तिचा डिंक तपकिरी डाग पाडून कागदात मुरतो. फाटलंच असेल तर जपानी कागद आणि गव्हाच्या शुद्ध स्टार्चची शिजवलेली खळ. ती पाण्यानं पुन्हा सोडवता येते. कसर लागू नये म्हणून चार-सहा महिन्यांनी फ्रेम उतरवून मागं बघायचं.

लॅमिनेशन सर्वांत वाईट. फ्रेमवाला मोठ्या प्रेमानं सुचवेल, 'सर, लाइफलाँग टिकेल.' प्लास्टिक टिकतं, खरंय. कागद मात्र आत कायमचा अडकतो, सोडवायला गेलं की छपाई सोलून येते.

तुमच्या नात्यात कुणाची टॉकीज असेल, कुणी वितरकाकडे कामाला असेल, तर माळ्यावरचा तो गठ्ठा रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उलगडून बघा. ठेवायला जागा नसेल तर पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासून. तिथं विचारा. भुताचं पोस्टर आहे म्हणून लाजू नका.