तहावर संपलेलं युद्ध

5 नोव्हेंबर 2003. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ, लंडनमध्ये दुपारचे दोन, टोकियोत रात्रीचे अकरा वाजले होते. त्या एकाच क्षणी जगभरातल्या चित्रपटगृहांत ‘द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’ सुरू झाला. 129 मिनिटांनी दिवे लागले, तेव्हा प्रेक्षकांत पडलेली फूट आजही सांधलेली नाही. एका गटाला हा शेवट म्हणजे फसवणूक वाटते, तर दुसऱ्याला तो त्रयीतला सर्वांत प्रगल्भ भाग वाटतो. वीस वर्षांहून अधिक काळ टिकलेला हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. या तीन चित्रपटांनी तीन वेगवेगळे प्रश्न विचारले. ज्याच्या मनात त्यातला जो प्रश्न रुतून बसला, त्यावर त्याचं शेवटाबद्दलचं मत ठरत गेलं.

पहिला प्रश्न 1999 मधला होता: मला दिसतं ते जग खरं आहे का? सुमारे सव्वासहा कोटी डॉलरांत बनलेल्या ‘द मॅट्रिक्स’ने तो प्रश्न प्रत्येकाच्या अंगावर सोडला. चाकोरीतली नोकरी करणारा थॉमस अँडरसन लाल गोळी गिळतो आणि चिकट द्रवाने भरलेल्या एका कोशात डोळे उघडतो. त्याचं आजवरचं आयुष्य यंत्रांनी रचलेला ‘मॅट्रिक्स’ नावाचा आभास होता, हे त्याच्याबरोबर आपल्यालाही कळतं. गोळ्या हवेत संथ तरंगताहेत आणि कॅमेरा माणसाभोवती फिरतोय, ही दृश्यं बहुतेक प्रेक्षकांना नवीच होती. दृश्य परिणाम, संकलन, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम अशी चार ऑस्कर त्याला मिळाली. शेवटी ‘निओ’ झालेला हा अँडरसन फोनवरून यंत्रांना इशारा देतो आणि आकाशात झेपावतो. प्रेक्षकांनी त्यातून एकच अर्थ घेतला: आता हा सगळ्यांना जागं करणार.

मे 2003 मध्ये आलेल्या ‘रीलोडेड’ने याच आशेवर घाव घातला. आभासाचा रचनाकार ‘आर्किटेक्ट’ निओला सांगतो की तो सहावा तारणहार आहे. झायन हे माणसांचं शेवटचं शहर याआधी पाच वेळा उद्ध्वस्त झालंय, आणि तारणहाराची भविष्यवाणी हीसुद्धा नियंत्रणाचीच एक तऱ्हा आहे. बंडाची जागाही आधीच आखून ठेवलेली असेल, तर माणसाच्या निवडीला अर्थ काय, हा झाला दुसरा प्रश्न. पुढे चित्रपटाच्या अगदी अखेरीस निओ खऱ्या जगात, केवळ हात उगारून, चाल करून आलेली यंत्रं बंद पाडतो आणि बेशुद्ध होतो. कथा तिथेच तुटते.

मध्ये सहा महिने गेले. या काळात प्रेक्षकांनी आपापला तिसरा चित्रपट मनात रचला. झायनसुद्धा आभासच असेल, एका मॅट्रिक्सभोवती दुसरं मॅट्रिक्स असेल, ही अटकळ तर खूपच पसरली. पहिल्या प्रश्नात गुंतलेल्यांना हेच उत्तर तर्कशुद्ध वाटत होतं. नोव्हेंबरमध्ये मात्र भविष्य सांगणाऱ्या ओरॅकलने थोडक्यात खुलासा केला की निओची शक्ती थेट यंत्रजगाच्या उगमापर्यंत पोहोचते, आणि कथा पुढे सरकली. ज्यांनी सहा महिने कोडं सोडवलं होतं, त्यांच्या हाती उत्तराऐवजी युद्ध आलं.

हे युद्धही चित्रपटाला जड गेलं, हे मान्य करायला हवं. झायनच्या गोदीतली लढाई तंत्राच्या दृष्टीने थक्क करणारी आहे, पण ती लांबते आणि त्या काळात निओ जवळजवळ दिसतच नाही. ज्यांच्याशी धड ओळख झालेली नाही, अशा सैनिकांच्या मरणाने मन हलत नाही. ओरॅकलची भूमिका करणाऱ्या ग्लोरिया फॉस्टर 2001 मध्ये वारल्या. त्यांच्या जागी मेरी अ‍ॅलिस आल्या आणि कथेला चेहराबदलाचं कारण जोडावं लागलं. शिवाय कथेचे काही धागे चित्रपटाबाहेर होते. झायनची यानकप्तान नायोबी हिच्या कामगिरीचा मोठा भाग ‘एंटर द मॅट्रिक्स’ या गेममध्ये होता. माणसांनी यंत्रांवर केलेला अन्याय, संयुक्त राष्ट्रांच्या दारातून परत पाठवलेले यंत्रांचे दूत, सूर्य झाकून टाकण्याचा माणसांचाच निर्णय हे सारं ‘अ‍ॅनिमॅट्रिक्स’ या लघुपटमालेत होतं. ती मालिका पाहिलेल्याला यंत्रांचीही एक बाजू ठाऊक होती. न पाहिलेल्यासाठी यंत्रं निव्वळ राक्षस होती, आणि राक्षसाशी तह कोणाला रुचेल?

तिसरा प्रश्न तहाचाच होता: ज्याला हरवता येत नाही आणि जो आपल्याला पुरता संपवूही शकत नाही, त्याच्यासोबत जगायचं कसं? त्याची तयारी एका साध्या प्रसंगात आहे. एका रिकाम्या भुयारी स्टेशनवर निओला रामा-कांड्रा, त्याची बायको कमला आणि लहानगी सती भेटतात. हे कुटुंब माणसांचं नाही, तिघंही संगणकीय प्रोग्रॅम आहेत. व्यवस्थेच्या लेखी सतीचा काही उपयोग नाही, म्हणून ती पुसली जाणार आहे, आणि तिला वाचवायला बापाने आडमार्ग धरलाय. यंत्राच्या तोंडी प्रेमाची भाषा ऐकून निओ चकित होतो. बाप शांतपणे प्रेमाबद्दल आणि कर्माबद्दल बोलत राहतो. या काही मिनिटांत ‘आपण’ आणि ‘ते’ यांतली भिंत ढासळते. ज्याने हा प्रसंग मन लावून पाहिला, त्याला शेवट खटकत नाही. ज्याला तो युद्धाआधीचा रेंगाळलेला भाग वाटला, त्याला शेवटचा तह अचानक उपटल्यासारखा वाटतो.

पुढे आंधळा झालेला निओ आणि त्याची प्रेयसी ट्रिनिटी यंत्रनगरीकडे निघतात. वाटेत यान काळ्या ढगांच्या वर जातं आणि ट्रिनिटीला क्षणभर खरा सूर्य दिसतो. मग ती मरते. निओ यंत्रांशी सौदा करतो: ताब्याबाहेर जाऊन स्वतःच्या प्रती काढत सुटलेला तुमचाच प्रोग्रॅम स्मिथ तुम्हालाही गिळतोय, मी त्याला थांबवतो, बदल्यात शांतता द्या. मुसळधार पावसातल्या लढतीत अखेर तो लढायचंच थांबवतो, स्मिथला स्वतःत शिरू देतो, आणि स्मिथची सारी रूपं फुटून जातात. हे नेमकं घडलं कसं, ते कोणी समजावून सांगत नाही. पार्श्वसंगीतात मात्र बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रार्थनेचे संस्कृत शब्द समूहस्वरात घुमतात. डॉन डेव्हिस यांच्या या संगीतामुळे भारतीय श्रोत्याला निओचं मरण पराभव नसल्याचं आधीच कळतं. मग हिरवट छटा गेलेल्या आकाशात सतीने निओसाठी सूर्योदय केलेला असतो.

तिकीटबारीचा कौल वेगळा लागला. ‘रीलोडेड’ने जगभरात सुमारे 74 कोटी डॉलर मिळवले, ‘रेव्होल्यूशन्स’ सुमारे 43 कोटींवर थांबला. पुढे काळाने काही गोष्टी उलगडल्या. दोन्ही दिग्दर्शिका, लाना आणि लिली वाचोव्स्की, ट्रान्स स्त्रिया आहेत. या कथेमागे ट्रान्स अनुभव होता, असं लिली यांनी 2020 मध्ये सांगितलं. त्यानंतर कप्पे नाकारणारा हा शेवट अनेकांनी नव्याने पाहिला. 2021 च्या ‘रेसरेक्शन्स’मध्ये माणसं आणि काही यंत्रं एकाच शहरात एकत्र राबताना दिसली, म्हणजे तह फुकट गेला नव्हता. त्याच चित्रपटाने निओ आणि ट्रिनिटीला परत आणलं आणि त्यांच्या बलिदानाचं मोल कमी केलं, अशी नवी तक्रारही सुरू झाली.

माझं मत स्पष्ट आहे. ‘रेव्होल्यूशन्स’ची मधली बांधणी सैल आहे, पण त्याचा शेवट त्रयीतला सर्वांत धाडसी निर्णय आहे. विजयाचं वचन देऊन सुरू झालेल्या कथेने शत्रूचं माणूसपण मान्य करून थांबावं, हे व्यावसायिक विज्ञानपटात फार क्वचित घडतं. आज यंत्रांच्या बुद्धीबद्दल आपण रोज बोलतो. अशा वेळी ‘कोण जिंकणार’ याहून ‘एकत्र कसं राहणार’ हा प्रश्न जास्त निकडीचा आहे, आणि तो या चित्रपटाने 2003 मध्येच विचारला होता. म्हणून ज्यांनी तेव्हा नाराज होऊन पाठ फिरवली, त्यांना एवढीच विनंती: आधी ‘अ‍ॅनिमॅट्रिक्स’ पाहा आणि मग या चित्रपटाला आणखी एक संधी द्या.