सगळी औषधं एकाच कपात?

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार. पेशींतून क्लोराइड बाहेर सोडणारं 'गेट' बिघडलेलं असतं. त्याचा जीन १९८९ मध्ये सापडला. परिणाम? फुफ्फुसातला कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि जंतू तिथेच ठाण मांडतात.

म्हणून औषधं थेट श्वासातून देतात. नेब्युलायझर औषधाचं धुकं करतो. थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असले तरच खोलवर पोचतात. आता आपलं इंजिनिअरचं डोकं म्हणणार, सगळं एकाच कपात ओता की! पण डॉर्नेज अल्फा हे एन्झाइम आहे, दुसऱ्या औषधात मिसळलं तर बिघडू शकतं. इथे 'एकत्र' म्हणजे मिश्रण नव्हे, क्रम!

आधी श्वासनलिका मोकळी करणारं साल्ब्युटामॉल. मग ७ टक्के मिठाचं पाणी, ते ऑस्मोसिसने कफात पाणी ओढतं. डॉर्नेज कफातले डीएनएचे धागे कापतं. त्याची वेळ डॉक्टर ठरवतात. मग फिजिओथेरपीने कफ बाहेर. शेवटी टोब्रामायसिनसारखं अँटिबायोटिक. भिंत खरवडल्याशिवाय रंग बसतो का?

यात रोजचा तास-दोन तास जातो. आपल्याच वयाची मुलं लेक्चर, सबमिशन सांभाळून हे करतात. २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांची एकत्रित गोळी मंजूर झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिम्प्लिफाय चाचणीत ती घेणाऱ्या, फुफ्फुसं बऱ्यापैकी असलेल्या रुग्णांनी मिठाचं पाणी किंवा डॉर्नेज सहा आठवडे थांबवलं, तरी फुफ्फुसांची क्षमता फारशी घटली नाही. पण सहा आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे. काय वगळायचं, ते डॉक्टरांना विचारूनच!