उणे १५ वरचं अक्षर

क्षयाच्या जंतूवर आयसोनियाझिड चालेनासं होतं, तेव्हा बहुतेकदा जंतूतलं कॅटजी हे विकर बिघडलेलं असतं. औषध सक्रिय करणारं हेच विकर. पण काही जंतूंमध्ये सगळी प्रथिनं शाबूत असतात. फक्त इन्हा या दुसऱ्या विकराच्या जनुकाच्या आधी, उणे १५ क्रमांकाच्या जागी, सायटोसिनऐवजी थायमिन आलेलं असतं. बस्स, एवढंच.

ही जागा प्रमोटरच्या पट्ट्यातली. डीएनएवरून आरएनए उतरवून घेणाऱ्या आरएनए पॉलिमरेझला सुरुवात कुठून करायची हे एकट्याने कळत नाही; सोबतीला सिग्मा हे प्रथिन लागतं. ई. कोलायमध्ये सिग्मा दोन खुणा हुडकतं: सुरुवातीच्या जागेपासून एक साधारण ३५ अक्षरं अलीकडे, दुसरी १० अक्षरं अलीकडे. दुसऱ्या खुणेचा आदर्श क्रम टी-ए-टी-ए-ए-टी. यातलं दुसरं अक्षर, ॲडेनिन, गोफातून बाहेर वळतं आणि सिग्माच्या खाचेत जाऊन बसतं. डीएनएचे दोन धागे सुटायला लागतात ते तिथूनच. ते अक्षर बदललं, की सुरुवातच अडते.

उलटही घडतं. दूधसाखर पचवणाऱ्या जनुकांच्या लॅक प्रमोटरमध्ये हा क्रम मुळात टी-ए-टी-जी-टी-टी असा कच्चा आहे, म्हणून त्याला सीएपी या प्रथिनाचा आधार लागतो. यूव्ही५ या उत्परिवर्तनात दोन अक्षरं बदलून क्रम आदर्श झाला आणि आधाराची गरज संपली. प्रयोगशाळांत प्रथिनं बनवायला सर्रास वापरला जाणारा बीएल२१ डीई३ हा जिवाणू याच प्रमोटरच्या जोरावर चालतो.

क्षयात मात्र हीच तेजी रुग्णाच्या मुळावर येते. आयसोनियाझिडचा मारा इन्हा या विकरावर असतो. त्याच्यावाचून जंतूची मेणचट भिंत उभी राहत नाही. उणे १५ वरच्या बदलामुळे इन्हा कित्येक पटींनी जास्त तयार होतं आणि नेहमीचा, किलोमागे सुमारे ५ मिलिग्रॅमचा डोस अपुरा पडतो. १० ते १५ मिलिग्रॅमचा वाढीव डोस अशा वेळी उपयोगी पडू शकतो. कॅटजी बिघडलेलं असेल तर ती आशा बरीच कमी.

भारताच्या क्षय कार्यक्रमातल्या लाइन प्रोब चाचणीत कॅटजी आणि इन्हाच्या रेघा पट्टीवर वेगवेगळ्या उमटतात. अहवालात नुसतं ‘आयसोनियाझिडला प्रतिकार’ लिहून भागत नाही. रेघ कुठली हे डॉक्टरांना कळायलाच हवं. इथिओनामाइडचं लक्ष्यही इन्हाच आहे. प्रमोटरमध्ये बदल दिसला, की तेही औषध भरवशाचं राहत नाही.