वैद्यकीचे विद्यार्थी आणि विचार करणारे यंत्र

आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुलेबाळे वैद्यकीय महाविद्यालयात शिकत आहेत, त्यांच्या घरी हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. क्ष-किरणचित्र पाहून रोग ओळखण्याचे काम यंत्र करू लागले, तर ती विद्या शिकण्यात आयुष्याची वर्षे का घालवावीत?

या शंकेस मोठ्या माणसाने खतपाणी घातले आहे. २०१६ साली टोरोंटो येथे जेफ्री हिंटन या संगणकशास्त्रज्ञांनी सांगितले की, नवे क्ष-किरणतज्ज्ञ तयार करणे आता थांबवावे. पाच वर्षांत, कदाचित दहा वर्षांत, यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल. पुढे २०२४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा हे कोणा ऐऱ्यागैऱ्याचे बोलणे नव्हे. तथापि क्ष-किरणतज्ज्ञ अद्याप आपल्या जागी आहेत. ब्रिटनमध्ये तर त्यांची टंचाईच आहे!

त्याच ब्रिटनमधील १९ वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ४८४ विद्यार्थ्यांची मते २०२० साली प्रसिद्ध झाली. वैद्यकीत कृत्रिम बुद्धिमत्तेला महत्त्वाचे स्थान लाभेल, असे शेकडा ८८ जणांना वाटत होते. तिच्यामुळे क्ष-किरणशास्त्राकडे वळण्याची आपली शक्यता कमी झाली, असे शेकडा ४९ जण म्हणाले. पण या विषयाचे काही शिक्षण मिळालेले विद्यार्थी किती? अवघे ४५; आणि सक्तीच्या अभ्यासक्रमातून तर एकालाही नाही. गंमत अशी की, ज्यांना ते मिळाले होते तेच क्ष-किरणशास्त्राकडे वळण्यास अधिक राजी होते. न पाहिलेल्या भुताचेच भय अधिक, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. हे शिक्षण पदवीच्या अभ्यासक्रमातच द्यावे, ही शेकडा ७८ जणांची मागणी आम्हांस रास्त वाटते.

मात्र यंत्राशी मैत्री झाल्यावर निराळीच काळजी उभी राहते. पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या कामाची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतील अशा गाठी त्यांना, यंत्र येण्यापूर्वी, शेकडा २८.४ तपासण्यांत सापडत. यंत्राचा वापर सुरू झाल्यावर, त्याच्या मदतीवाचून केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ वर आले. एका पाहणीवरून निकाल देऊ नये, हे आम्ही जाणतो; अन्य कारणेही असू शकतील. परंतु हे डॉक्टर नवशिके नव्हते. प्रत्येकाच्या हातून दोन हजारांवर तपासण्या झालेल्या होत्या. कमावलेली नजर जर अशी मंदावत असेल, तर जिची नजर अजून घडायचीच आहे त्या विद्यार्थिनीचे काय होईल?

पुढल्या सुटीत लेक घरी आली म्हणजे आईबापांनी तिला एवढे अवश्य विचारावे: यंत्राचे उत्तर वाचण्याआधी, बाळ, तू आपले निदान कागदावर लिहून ठेवतेस ना?